सोडला तरी चालेल असा प्रश्न

इंग्रजीच्या वहीत तोंडाने काढायच्या आवाजांचे चार शब्द होते आणि प्रत्येकाचा अर्थ लिहायचा होता. बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हिने हा प्रश्न सोडला तरी चालेल.'

आमच्या ठमीला जन्मापासून ऐकू येत नाही. पण सोडलं तरी चालेल म्हटलं की ती हटून बसते. तिने सरळ माझ्या गळ्याला हात लावला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

व्हिस्परला तिच्या हाताला काहीच लागलं नाही. स्क्रीमला तिचे बाबा दाढीचा फेस घेऊन धावत आले. सिंगला मी अडखळले. तिचं निदान झालं त्या दिवसापासून मी गाणं सोडलं होतं; तिच्यासमोर गायचं म्हणजे उपाशी माणसापुढे ताट घेऊन बसल्यासारखं वाटायचं. तरी दोन ओळी कशाबशा म्हटल्या. शेवटी हम आला. मी तोंड मिटून गुणगुणले.

ठमीने हात काढला, मागे जाऊन माझ्या पाठीला गाल लावला, मग समोर येऊन खुणेने म्हणाली, "हा मला माहितीये. स्कूटरवर तू रोज करतेस. गाडीची थरथर खालून येते, तुझी पाठीतून."

हेल्मेटच्या आतलं ते गुणगुणणं कुणाला कळत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"पण सिग्नलला बंद करतेस," ती म्हणाली.

"लोक ऐकतील म्हणून," मी खुणेनेच कबूल केलं.

"मग मी काय ऐकायचं?"