विचारत राहा

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" उखर्डूनानांनी विचारलं, आणि कुंदनने मांडीवरचा लग्नाच्या फोटोंचा अल्बम मिटला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊकच होतं.

मागच्याच महिन्यात या प्रश्नापायी भुसावळची एक ऑर्डर हातची गेली होती. "मी आणि आई," असं खरं उत्तर त्याने दिलं आणि मुलीच्या मामाने तोंड वाकडं केलं. लग्नघरात बायकापोरींत वावरायचं, तर फोटोवाला संसारी माणूस असलेला बरा, म्हणाला. नोकरी नाही म्हणून कुंदनला मुली मिळत नव्हत्या, आणि बायको नाही म्हणून लग्नं मिळत नव्हती. अलीकडे त्याला स्वतःचाच राग यायचा.

हे घर मात्र त्याने दोन वर्षं जपलं होतं. नानांच्या थोरल्या मुलीच्या, कामिनीच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते. धाकट्या ऋतिकाचं नाव त्याने तेव्हाच वहीत टिपून ठेवलं. दिवाळी, संक्रांत, आखाजी, एकही सण मेसेजवाचून सोडला नाही. शुभेच्छांच्या खाली ठरलेली ओळ असायची, 'मग, तारीख ठरली का?' ऋतिकाचं उत्तर यायचं, 'अजून नाही. विचारत राहा.' इतकं चांगलं गिऱ्हाईक त्याला दुसरं भेटलं नव्हतं.

परवा नानांचाच फोन आला. "ऋतिकाचं ठरवायचंय. रविवारी दीपनगरला घरी या, समोरासमोर बोलू." हे लग्न मिळालं तर यंदाचा सीझन निभणार होता. नाहीतर कॅमेरा विकून सुरतेला मावसभावाच्या दुकानात कापड मोजायला जाईन, असं त्याने आईला सांगूनच टाकलं होतं.

नानांनी अल्बमकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. घर स्वतःचं का, तंबाखू खाता का, पावसाळ्यात काम नसलं की काय करता, हेच विचारत बसले. सगळी नोकरी थर्मल वीजकेंद्रात गेलेला माणूस, ठोकून बघितल्याशिवाय कुणाला काम देणार नाही, असं कुंदनने मनाशी धरलं. इथपर्यंत त्याने सगळं खरं सांगितलं होतं. ऋतिका चहा देऊन आतल्या दारापाशी उभी होती.

"आई आहे," तो म्हणाला. "बायको आहे. तीन वर्षांची मुलगी आहे."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कधी बोलले नाही तुम्ही."

"कामाच्या बोलण्यात घरचं कशाला, नाना?"

"तेही खरंच." नानांनी मोबाइल उचलला. "जळगावचं एक स्थळ आहे. मुलगा बँकेत आहे. आठ दिवसांपासून निरोपाची वाट पाहू राहिले बिचारे."

फोन लागला. "हां, उखर्डू बोलतोय. आमच्याकडून होकार समजा. हो, शब्द दिला." फोन खाली ठेवून ते कुंदनकडे वळले. "फोटो तुम्हीच काढा."

ऋतिका दारात नव्हती.

कुंदनचा जीव भांड्यात पडला. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही; पण एवढ्याशा खोट्याने कोणाचं काय बिघडणार होतं? तो हात जोडून निघाला. फाटकापर्यंत ऋतिकाची आई, प्रमिलाबाई, मागोमाग आल्या.

"भाऊ, एक सांगू? तिला आता मेसेज करू नका. सणावारीही नको."

"काही चुकलं का, काकू?"

"तुमचं काय चुकलं? तुम्ही आपलं कामाचं विचारत होते. तिनंच येड्यासारखं भलतं मनात धरलं. दोन वर्षांत सहा स्थळं परतवून लावली पोरीनं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "शेवटी तिच्यापुढं हे नमले. आज तुम्हाला फोटोंसाठी बोलावलंच नव्हतं."