टाकी फुल

मागची सीट उचलायला चमन मिस्त्री वाकला, तेवढ्यात अभिनंदन गाडीला वळसा घालून त्याच्या कानाशी आला.

"मिस्त्री, पंप नवा घालू नका. दुसऱ्या गाडीचा काढलेला असंल तो बसवा. कागलपत्तोर गेली म्हंजे झालं."

"कागलला काय हाय?"

"भंगाराचं यार्ड. सौदा झालाय."

चमनने मान वळवून पाहिलं. अभिनंदनचे वडील, तवनाप्पाआण्णा, गाडीच्या तोंडाशी खुर्ची ओढून बसले होते आणि धोतराच्या सोग्याने पुढचा दिवा पुसत होते. अठ्ठावीस वर्षांची ती परदेशी गाडी. पहिल्या ऑइलपासून तिला चमनचाच हात.

"आण्णास्नी ठावं हाय?"

"पासिंगची मुदत वाढवायची, कागदावर सही पायजे, असं सांगून आणलंय त्यास्नी. गाडी त्यांच्या नावावर, सही त्यांचीच लागती."

"मग टोचन लावून न्यायची की सरळ. पंपाचा खटाटोप कशाला?"

"उद्यमनगरापास्नं कागलपत्तोर सगळी वळखीची माणसं, मिस्त्री. बापाची गाडी दोर लावून वढत नेली म्हणतील. तिच्या चाकानं गेली पायजे."

चमन परत गाडीत वाकला. त्याने बॅटरीची तार सोडवली आणि सीट उचलून बाहेर काढली. खाली शेंगांच्या टरफलांचा थर होता.

"त्या शेंगा आमच्या अंजनाच्या, ह्याच्या आईच्या!" आण्णा तिकडूनच ओरडले. "गाडीत खाऊ नगं म्हटलं, तर माझ्या पाठीमागं बसून खायची. आवाज सुदिक करायची न्हाय बाई!"

चमन हसला. टरफलं त्याने फुंकून उडवली नाहीत, हाताने गोळा करून बाजूला ठेवली. मग पत्र्याचं झाकण काढलं, कडं फिरवलं आणि टाकीतून पंप वर ओढला. तो काळा पडला होता. टाकीच्या तळाला हात बुडेल इतकंही पेट्रोल नव्हतं.

मांडणीवर दोन पंप होते. एक बंद खोक्यातला, दुसरा गेल्या पावसाळ्यात कुणाच्या तरी मोडक्या गाडीतून काढलेला. चमनचा हात खोक्यापर्यंत गेला. अभिनंदन बघत होता. चमनने दुसरा उचलला.

तासाभरात गाडी सुरू झाली. आण्णांनी उभं राहून बॉनेटवर तळहात टेकला आणि डोळे मिटून इंजिनाची धडधड अंगात घेतल्यासारखे थांबले.

"कंपनीचा घातलास न्हवं, चमन?"

"व्हय, आण्णा."

एवढं बोलून तो उगाचच पाने पुसत बसला.

"पर पैला जळला कशानं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत होतं. चमनला बरं वाटलं. काळा पंप तळहातावर घेऊन तो आण्णांपाशी आला आणि शाळेतल्या पोराला समजवावं तसं सावकाश सांगू लागला.

"ह्यो पंप टाकीतच ऱ्हातो, आण्णा, पेट्रोलात बुडून. पेट्रोलच त्याला गार ठेवतं. काटा लाल खुणेवर असताना रोज गाडी पळवली, की ह्यो उघडा पडतो. उघडा पडला की तापतो. तापून तापून एक दिवस जळतो. दोन महिनं तरी टाकी भरलेली न्हाय ही."

अभिनंदनने मोबाइलमध्ये डोकं घातलं. भंगारात जाणाऱ्या गाडीत पेट्रोल कोण ओततं?

आण्णा मुलाकडे वळले.

"उपाशी ठेवलीस की रं तिला. आन् मला सांगत हुतास, गाडी म्हातारी झाली म्हणून."

अभिनंदनने मोबाइल खिशात घातला. आण्णा मागचं दार उघडून सीटवर बसले, शेजारची जागा हाताने झटकली आणि म्हणाले, "पैलं पेट्रोल घाल. मग सही."

चमन साबणाने हात चोळत दारात उभा राहिला. पेट्रोल पंप रस्त्यापलीकडेच होता. गाडी तिथे थांबली. अभिनंदनने खिडकीतून दोन बोटं दाखवली, दोन लिटर. तोवर आण्णा खाली उतरले होते. पंपावरच्या मुलीच्या हातातली नळी त्यांनी मनगटासकट धरली.

"त्याचं ऐकू नगं. काठापत्तोर भर."

"लांब निघालाय वाटतं, आजोबा?"

आण्णांचा आवाज पहिल्यापासूनच मोठा. रस्त्यापलीकडे चमनला शब्द न् शब्द ऐकू आला.

"पासिंगला, पोरी. आजून पाच वर्सं मिळणार हाईत तिला."