हललेला चेहरा

चहाची सुट्टी झाली तशी हौसाबाई स्टुलावरून उतरली आणि पोरांनी काढलेली आपली चित्रं बघत निघाली. कोल्हापूरच्या त्या चित्रकलेच्या वर्गात समोर बसावं तर हौसाबाईनंच, असं सर सांगत. नाकावर माशी बसली तरी तिचा चेहरा हलत नसे.

सगळ्या चित्रांत तीच शांत बाई होती. रेवाच्या चित्रापाशी मात्र तिचे पाय थबकले. हिरवे गाल, लालभडक डोळे, गळ्याच्या ताणलेल्या शिरा आणि आ वासलेलं तोंड. पोरं हसत होती.

हौसाबाई सरांकडं वळली. "सर, माझा चेहरा हालला व्हय? आता नीट बसते."

"छे हो, दगडासारख्या बसला होतात," सर म्हणाले. "रेवा, हे कुठून काढलंस?"

"मावशींकडं बघूनच, सर. मला असंच दिसलं."

हौसाबाई त्या तोंडाकडं बघतच राहिली. आज सकाळी लेकीला सासरी सोडतानाही तिचा चेहरा हलला नव्हता. पाठीवरचे वळ दाखवून लेकीनं पदर घट्ट धरला, तेव्हा "बाईच्या जातीनं नांदायचं असतं" म्हणत तिनं एकेक बोट सोडवलं होतं.

हातातला चहा तसाच ठेवून तिनं चपला पायात सरकवल्या.

"मावशी, चित्रं अर्धी राहिलीत!" पोरं ओरडली.

"आज बसून न्हाई भागायचं," दारातून ती म्हणाली. "लेकीला आणायला चाललेय."