ऑकलंड ते मुंबई

सायमनला आज माती द्यायची की उद्या, एवढंच ठरायचं राहिलं होतं. भाड्याच्या बर्फाच्या पेटीत तो कालपासून शांत पडून होता. घाई त्याला नव्हती, बाकी सगळ्यांना होती. ओट्यावर निम्मं सांडोर गाव येऊन टेकलं होतं आणि प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता.

रोझलिन नवऱ्याच्या उशाशी खुर्चीत बसली होती. पाठ भरून आली होती. रडून रडून डोळे कोरडे पडले होते. हातातल्या चहावर साय धरली होती.

"वहिनी, फादर विचारतायत," धाकटा दीर क्लेमेंट हळूच म्हणाला. "आज चारला घ्यायचं, की ब्रायनसाठी उद्यावर टाकायचं?"

"येतो म्हणालाय तो. एकुलता एक मुलगा, बापाला मूठभर माती नको द्यायला?"

पुतणी जीना फोन घेऊन बसलीच होती. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर सांगणारं काहीतरी तिला सापडलं होतं.

"ऑकलंड ते मुंबई बारा हजार तीनशे किलोमीटर, काकी. मध्ये विमान बदलायचं, म्हणजे वीसेक तास धरू. आत्ता निघाला तर उद्या सकाळी इथे."

रोझलिनने वाकून पाहिलं. नकाशावर दोन टिंबांमधली रेघ चांगलीच वाकली होती.

"सरळ का नाही येत गं?"

"पृथ्वी गोल आहे ना."

"असू दे बाय. पोचला म्हणजे झालं." रोझलिनला जरा धीर आला. "क्लेमेंट, उद्याचं सांग फादरना."

क्लेमेंटने चपला घातल्या, तेवढ्यात ब्रायनचा फोन आला. रोझलिनने तो स्वतःच कानाला लावला.

"आई, एअरपोर्टवरच उभा आहे गं. सगळी विमानं फुल. वेटिंगवर नाव टाकलंय, पण खात्री नाही. माझ्यासाठी थांबा असं तरी कसं सांगू…"

त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. आधी खरखर, मग लांब किंकाळी. ती शिट्टी रोझलिनने कुठेही ओळखली असती. सुनेच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा घरातला हा कुकर तिनेच बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेला होता.

खरं तर तिला संताप यायला हवा होता. पण संतापायलाही अंगात जोर लागतो, आणि तो कालच संपला होता.

फोन कानापासून जरासा दूर धरून तिने हाक मारली. क्लेमेंट फाटकापाशी पोचला होता.

"आजच घ्या म्हणावं. चारला."

"आणि ब्रायन?"

"फार लांब आहे रे," ती सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "जीनाने मोजलंय ना. पोरगं तिकडे विमानतळावर ताटकळलंय. त्याचा काय दोष?"

ओट्यावरच्या माना हलल्या. कुणीतरी "बिचारा" म्हणालं.

"पण काकी, आत्ताच तर आपण…" जीनाने तोंड उघडलं. रोझलिनने नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी तिने आपला फोन पालथा ठेवला.

रोझलिनने फोन पुन्हा कानाशी नेला. तिकडे आणखी शिट्ट्या झाल्या होत्या.

"आई? आहेस ना?" ब्रायनचा आवाज बसला होता.

"आहे," ती म्हणाली. "जा, कुकर उतरव आता. खाली लागेल."