आपल्यातला माणूस

दिव्यांग मदत केंद्रात तिची भाषा कुणालाच येत नव्हती, म्हणून दोन वर्षं तिच्या वतीनं दीरच बोलायचा. अखेर केंद्रानं तिच्याच समाजातला दुभाषी नेमला आणि अधिकारी बाईंनी दिराला बाहेर बसवलं.

बांध फुटावा तशी ती बोलत सुटली. दीर तिची चाकांची खुर्ची दिवसभर कुलपात ठेवतो, पाणी मागितलं तरी हात उगारतो. दुभाष्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि बाईंना दोनच वाक्यं सांगितली. बाईंनी समाधानानं हसून फाइल मिटली.

तिनं दुभाष्याला विचारलं, "काय सांगितलंत त्यांना?"

"घरचे जिवापाड जपतात म्हणून."

मग तो तिच्याकडे वाकला.

"वहिनी, घरची लक्तरं अशी वेशीवर टांगू नयेत. तुमच्या भावजींच्या कानावर घालतो मी सगळं."