मोमोंचं बटण

आठ वाजले तरी दर्याचा रोजचा इशारा एकाही कोळ्याच्या फोनवर पोचलेला नव्हता. प्रवाळाच्या कड्याबाहेर वारा नुसता पिसाळला होता, आणि लितियाचा भाऊ सेमी पहाटेच होडी काढणार होता. त्याचा फोन लागत नव्हता.

इशारा आपोआप पाठवायला तिनेच लिहिलेली स्क्रिप्ट तिने हाताने चालवली. इशारा क्षणात गेला. मग पहाटे साडेपाचला आपोआप का गेला नाही? चार वर्षं रोज बिनचूक जात होता की! तिने चुकांची नोंद उघडली. स्क्रिप्टचे हुकूम वाचणारं शेल हाताने चालवताना एक असतं आणि वेळ लावून दिली की दुसरंच, हे तिच्या गावीही नव्हतं. पहाटेचं ते जुनं, अडाणी शेल स्क्रिप्टच्या तिसऱ्याच ओळीला अडलं होतं. कालही. परवाही. नोंदीत ती मागे मागे सरकत गेली. अगं बाई, पहिल्या दिवसापासून! आपोआप अशी स्क्रिप्ट एकदाही चालली नव्हती.

मग रोजचा इशारा पाठवत कोण होतं, भूत?

आपिसाई मोमो! मोमो म्हणजे मामा, अख्ख्या हवामान कचेरीचे. कालच यंगोनाच्या वाट्या रिचवून निवृत्त झाले. पूर्वी इशारा तेच टाइप करायचे. स्क्रिप्ट आली नि काम गेलं. तरी पहाटे हजर, रविवारी चर्चच्या आधीसुद्धा. त्यांचं उतरलेलं तोंड बघवेना, म्हणून तिने त्यांच्या पडद्यावर एक बटण करून दिलं होतं. दाबलं की तीच स्क्रिप्ट चालायची. "आधीच इशारा गेला असेल, तर याने काही होत नाही हं मोमो," असं तिने हसत सांगितलंही होतं.

तिने त्यांना फोन लावला.

"मोमो, सेमी..."

"माझ्या पडवीत उकडलेला कसावा हाणतोय. पहाटे आला, म्हणे आज इशारा कसा नाही? म्हटलं, इशारा नाही तर होडीही नाही. बस इथंच. आता बॅटरी मेलीये त्या गाढवाची."

लितियाला रडूच फुटलं. "मोमो, माझी स्क्रिप्ट कधी चाललीच नाही. चार वर्षं इशारा तुमच्या बटणाने जात होता."



"इसा! मला तर वाटायचं पोरी, ते बटण तू म्हाताऱ्याचं मन राखायला दिलंयस."