हेव्याची तिसरी चिठ्ठी

दुसरी चिठ्ठीही परत आली. शिपाईकाकांनी ती धाकटीच्या टेबलावर उपडी ठेवली, म्हणजे शेजारीपाजारी कोणाला लाल शाई दिसू नये. काकांचं मन मोठं होतं, पण कागद पातळ होता.

शब्दकोशाच्या त्या कचेरीत ती चौतीस वर्षांची असूनही धाकटीच होती, कारण बाकीचे सगळे निवृत्तीला टेकले होते. या आठवड्यात तिच्याकडे 'हेवा' हा शब्द आला होता. अर्थ तिने झटक्यात लिहिला. घोडं अडलं ते उदाहरणाच्या वाक्यापाशी. पहिलं वाक्य होतं, 'शेजाऱ्याची गाडी पाहून त्याला हेवा वाटला.' वरच्या मजल्यावरून संपादकांनी विचारलं, 'कोण शेजारी? वाक्य खरं हवं.' दुसऱ्या वाक्यातल्या बाईला मैत्रिणीचं वाटोळं व्हावंसं वाटत होतं. त्यावर शेरा आला, 'हा मत्सर. हेव्यात दुसऱ्याचं वाईट व्हावं असं नसतं. आपल्यालाही तसंच मिळावं, एवढंच असतं.'

कचेरीचा रिवाज असा, की तिसरी चिठ्ठीही परत आली तर शब्द शेजारच्या टेबलावर जायचा. शेजारच्या टेबलावर ताई होत्या. बावीस वर्षांत ताईंची एकही चिठ्ठी परत आली नव्हती. धाकटीचे चार शब्द आजवर त्यांच्याकडे गेले होते, आणि चारही त्यांनी चहा गार व्हायच्या आत उरकले होते. पाचवा काही झालं तरी जाऊ द्यायचा नाही, असं धाकटीने ठरवलं. 'हेवा'शी तिच्याइतकी जुनी ओळख त्या कचेरीत दुसऱ्या कोणाची असणार?

मग तिने खरं तेच लिहिलं: 'ताईंची वाक्यं पहिल्याच फेरीत मंजूर होतात, याचा मला हेवा वाटतो.'

पंचाईत एवढीच, की वर जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीचं शुद्धलेखन आधी ताई तपासत. ताईंनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. धरणीने पोटात घ्यावं, असं धाकटीला झालं.

"वेडी आहेस का गं?" ताई म्हणाल्या. "तुझ्याशी ते भांडतात, चार-चार ओळी लिहितात. माझ्या चिठ्ठीवर नुसतं 'ठीक'. बावीस वर्षं नुसतं ठीक! माझं वाचतात तरी का, देव जाणे."

"म्हणजे ताई, तुम्हाला माझा...?"

"नाहीतर काय!"

दोघी इतक्या हसल्या, की पलीकडच्या टेबलावरचे आजोबा दचकून जागे झाले. हसता हसताच ताईंनी पेन उचललं आणि त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं: 'माझी वाक्यं संपादक न वाचताच मंजूर करतात, म्हणून धाकटीच्या लाल शाईचा मला हेवा वाटतो.'

"आता होऊन जाऊ दे," असं म्हणत त्यांनी चिठ्ठी काकांच्या हातात दिली.

काका परतले ते थेट ताईंच्या टेबलापाशी, आणि अपराध्यासारखे उभे राहिले. धाकटीच्या वाक्यापुढे 'ठीक' होतं. ताईंच्या वाक्यात 'न वाचताच' या शब्दांखाली लाल रेघ होती, आणि पुढे संपादकांनी लिहिलं होतं, 'हे खोटं आहे. वाक्य पुन्हा लिहा.'